फवारणी करूनही तेल्या दर पावसाळ्यात परत येतो: नेमकं कुठं चुकतं आणि काय करायचं

आटपाडी, दिघंची, खरसुंडीपासून पलीकडे साताऱ्यातल्या म्हसवड-दहिवडीपर्यंत डाळिंबवाल्यांची तक्रार एकाच चालीवर ऐकू येते. मृग बहार धरला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला बाग फुलवली, सेटिंग (फळधारणा) चांगलं झालं, फळं लिंबाएवढी झाली. मग चार दिवस आभाळ दाटून राहिलं, भुरभुर लागली, आणि थोड्याच दिवसांत पानांवर पाणीदार ठिपके अन् फळांवर तेलकट डाग. हाच तेल्या, डाळिंबाचा जिवाणूमुळं होणारा रोग. लगेच स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांबेयुक्त बुरशीनाशक मारलं. उघडीप मिळाली, जरा थांबलं. पुढच्या पावसाला पुन्हा तेच. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, आणि खर्च मात्र आदल्या वर्षीपेक्षा जास्त.

यावर चर्चा "औषध डुप्लिकेट असणार" किंवा "हवाच खराब होती" इथं येऊन थांबते. दोन्ही कधी कधी खरंही असतं. पण बहुतेक बागांत औषधापेक्षा वेळ चुकते, असं माझं स्पष्ट मत आहे. तेल्याचा जिवाणू झाडाच्या पेशीवर हल्ला कसा करतो हे एकदा नीट समजून घेतलं, तर ती वेळ कोणती हे वेगळं सांगावं लागत नाही. माझं शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातलं आणि घरी बाग डाळिंबाची, त्यामुळं हा विषय जवळचा आहे. जरा सविस्तर लिहितोय, सवडीनं वाचा.

आधी खात्री करा, तेल्याच आहे ना?

डाग दिसला की तेल्या, असं धरून चालू नका. बुरशीमुळंही फळावर काळे डाग पडतात. ते बहुधा कोरडे असतात, त्यांना चमक नसते. तेल्याचा कोवळा डाग ओला, तेल लावल्यागत दिसतो. ठिपका असलेलं पान तोडून उन्हाकडं धरा: तेल्या असेल तर ठिपक्यातून उजेड आरपार येतो आणि भोवती फिकट पिवळी कड दिसते. फळावरचा डाग जुना झाला की साल 'एल' किंवा 'वाय' अक्षराच्या आकारात तडकते. फांदीवर तो पेऱ्याशी बसतो. पेरं काळं पडतं, चिरतं, आणि हात लावला तरी फांदी तिथं मोडते.

याहून पक्की तपासणी हवी असेल तर जवळच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक असतोच. ताज्या ठिपक्याच्या कडेचा अगदी बारीक तुकडा ब्लेडनं कापायचा, काचपट्टीवर स्वच्छ पाण्याच्या थेंबात ठेवायचा, वर कव्हर स्लिप टाकायची आणि दोन मिनिटं थांबायचं. जिवाणू असतील तर कापलेल्या कडेतून धुरकट लोट पाण्यात सरकत बाहेर येताना दिसतो. तो लोट म्हणजे हजारो जिवाणू. बुरशीच्या डागातून असं काही येत नाही. एवढी खटपट कशासाठी, तर बुरशीनाशकांपैकी कॉपर सोडलं तर जवळपास कशाचाच जिवाणूवर परिणाम होत नाही. चुकीच्या निदानावर केलेली फवारणी म्हणजे पैसे मातीत.

तो पेशीत शिरत नाही, बाहेरून टोचतो

तेल्याच्या जिवाणूचं शास्त्रीय नाव झँथोमोनास ॲक्झोनोपोडिस पॅथोव्हार प्युनिकी. नव्या वर्गीकरणात त्याला झँथोमोनास सिट्री या जातीत, म्हणजे लिंबावर खैऱ्या आणणाऱ्या जिवाणूच्या भावकीत धरतात. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ सालची, दिल्लीची. महाराष्ट्रात त्यानं खरा धुमाकूळ घातला तो २००० नंतर.

पर्णरंध्रातून किंवा जखमेतून हा जिवाणू पानाच्या आत जातो. पण पेशीच्या आत मात्र तो जात नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पेशींच्या मधे जी पोकळी असते तिथं तो मुक्काम करतो आणि तिथूनच शेजारच्या पेशीवर हल्ला चढवतो. त्यासाठी त्याच्याकडं एक यंत्रणा आहे: टाइप थ्री सिक्रीशन सिस्टिम. इंजेक्शनच्या सुईसारखीच तिची रचना. जिवाणूच्या दोन्ही आवरणांत घट्ट बसलेला पाया, त्यावर बाहेर निघालेली पोकळ नळी, आणि नळीच्या टोकाशी समोरच्या पेशीच्या आवरणाला भोक पाडणारी प्रथिनं.

या नळीचं आतलं भोक दोनेक नॅनोमीटरचं असतं. माणसाचा एक केस पन्नास हजार नॅनोमीटरहून जाड. एवढ्या बारीक भोकातून घडी घातलेलं प्रथिन जाऊच शकत नाही. म्हणून जिवाणू आधी प्रथिनाची घडी उलगडतो, धाग्यासारखं ते नळीतून पलीकडं ढकलतो, आणि झाडाच्या पेशीत गेल्यावर त्याची पुन्हा घडी बसते. विषबाधा करणाऱ्या साल्मोनेलाकडंही हीच यंत्रणा आहे. तिचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं स्पष्ट चित्र १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा शास्त्रज्ञांना दिसलं की तिचा पाया थेट जिवाणूच्या शेपटीच्या मोटरीशी, म्हणजे फ्लॅजेलमच्या पायाशी मिळताजुळता आहे. झाडांवरच्या जिवाणूंची नळी मात्र साल्मोनेलाच्या सुईपेक्षा कितीतरी लांब असते, कारण झाडाच्या पेशीला बाहेरून जाड भिंत असते आणि ती पार करावी लागते.

आत सोडलेली प्रथिनं काय करतात? प्रत्येक झाडाला स्वतःची संरक्षण व्यवस्था असते. परका जिवाणू जाणवला की पेशी भिंतीला आतून लिंपण करते, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल रसायनं सोडते. जिवाणूनं टोचलेली प्रथिनं नेमकी ही व्यवस्था बंद पाडतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डाळिंबावरच याचा अभ्यास झाला आहे. 'झॉप एन' नावाचं एकच प्रथिन जिवाणूतून काढून टाकलं, तर रोगाची तीव्रता कमी होते आणि झाडाचा प्रतिकार वाढलेला दिसतो. दुसऱ्या पिकांवरच्या झँथोमोनासमध्ये तर सुई तयार करणारी जनुकंच बिघडवून पाहिली आहेत. तो जिवाणू जिवंत राहतो, पण झाडाला आजारी पाडू शकत नाही.

आता तो 'तेलकटपणा' कुठून येतो ते बघा, कारण पावसाशी असलेलं नातं त्यातच आहे. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये स्युडोमोनास सिरिंजी या जिवाणूवर एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. या सुईतून जाणारी काही प्रथिनं पेशींमधल्या कोरड्या पोकळीत पाणी भरून घेतात, आणि जिवाणूला वाढायला तीच ओली जागा हवी असते. हवेत दमटपणा नसेल तर ही ओल टिकत नाही आणि जिवाणूचा जोर ओसरतो. झँथोमोनासच्या काही जातींतही पाणी भरणारी अशी प्रथिनं सापडली आहेत. तेव्हा उन्हाकडं धरलेल्या पानातून जो उजेड आरपार येतो, तो पेशींच्या मधे पाणी साचल्यामुळं. आणि उघडीप पडली की रोग 'थांबतो' त्यात औषधाचा वाटा किती आणि कोरड्या हवेचा किती, हा प्रश्न प्रत्येकानं स्वतःच्या बागेत विचारून बघावा. औषध न मारलेल्या चार झाडांवरही तो थांबला का?

म्हणून डागानंतरची फवारणी अपुरी पडते

पानावर बसलेला जिवाणू सुई बाहेर काढून वाट बघत नसतो. झँथोमोनासची ही जनुकं पोषक माध्यमात बंद असतात आणि झाडाच्या आतली परिस्थिती जाणवली की चालू होतात. म्हणजे क्रम असा: पानावर ओल, मग रंध्रातून किंवा जखमेतून प्रवेश, मग सुईची बांधणी, मग टोचणी, मग पेशींमधे पाणी, आणि त्यानंतर काही दिवसांनी, फळावर तर कधी दोन-तीन आठवड्यांनी, तुम्हाला दिसणारा डाग.

कॉपर पृष्ठभागावर काम करतं. पानावर, सालीवर बसलेल्या जिवाणूला ते मारतं, पण आत शिरलेल्यापर्यंत पोचत नाही. स्ट्रेप्टोसायक्लिनमधली प्रतिजैविकं जिवाणूचं प्रथिन बनवणं थांबवतात; पण पेशीत आधीच टोचलेली प्रथिनं काही त्यामुळं परत निघत नाहीत. डाग पडलेली जागा कशानंही पूर्वीसारखी होत नाही. फवारणीनं फक्त पुढची लागण अडते, तीही पुढचा पाऊस यायच्या आत औषध पानावर बसलेलं असेल तरच.

म्हणून बागेत आज डाग असतील तर आधी रोगट फळं आणि फांद्या बाहेर काढा. पण झाडं कोरडी झाल्यावर. ओल्या बागेत कात्री घेऊन फिरलात तर तुम्हीच जिवाणू झाडोझाड पोचवाल. फांदी डागाच्या खाली निदान दोन इंच निरोगी भागात कापायची. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात बुडवायची. मजुरांना हे कंटाळवाणं वाटतं, पण दोन कात्र्या दिल्या तर एक बुडालेली असते आणि एक हातात, कामही अडत नाही. काढलेला माल बांधावर टाकायचा नाही, जाळून टाकायचा. मग कॉपरची फवारणी, तीही हवामानाचा अंदाज बघून, पावसाच्या आधी, पान सुकायला वेळ मिळेल अशी.

प्रतिजैविकावर भर देऊ नका असं मी आग्रहानं सांगतो. दर आठवड्याला तेच औषध मारत राहिलं की त्याला दाद न देणारे जिवाणू तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास होते. सफरचंद, नाशपातीवरच्या फायरब्लाइट या जिवाणूजन्य रोगात जगानं हे स्ट्रेप्टोसायक्लिनमधल्याच स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीत अनुभवलं आहे. लेबलवर तुमचं पीक लिहिलेलं आहे का आणि सध्या परवानगी आहे का, हे प्रत्येक हंगामात कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

"जैविक मारलं, तरी काही फरक नाही"

जैविक म्हणजे रोगाच्या जिवाणूविरुद्ध सोडलेले चांगले जिवाणू. ही तक्रारही नेहमीची, आणि तिचं उत्तरही याच विषयात आहे. जिवाणू फक्त झाडावर हल्ला करत नाहीत, एकमेकांवरही करतात. त्यासाठी त्यांच्याकडं आणखी यंत्रणा आहेत.

२००६ मध्ये कॉलऱ्याच्या जिवाणूत टाइप सिक्स सिक्रीशन सिस्टिम ओळखली गेली. जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूची, म्हणजे फाजची शेपटी जशी असते तशीच हिची घडण. आत टोकदार दांडा, बाहेर दाबून ठेवलेलं आवरण. आवरण आकसलं की सेकंदाच्या काही हजाराव्या भागात दांडा शेजारच्या जिवाणूत घुसतो आणि टोकावरचं विष आत सोडतो. काही विषं शेजाऱ्याची भिंत विरघळवतात, काही त्याचा डीएनए तोडतात. मारणाऱ्याकडं त्या विषाचा उतारा आधीच असतो, म्हणून त्याची स्वतःची भावंडं वाचतात. हा हल्ला अंगाला अंग लागल्याशिवाय होत नाही.

आपल्या कामाची गोष्ट पुढं आहे. स्युडोमोनास पुटिडा हा मातीतला निरुपद्रवी जिवाणू याच यंत्रणेनं झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिसला, म्हणजे कोबीवर काळी सड आणणाऱ्या जिवाणूला मारतो. २०१७ मध्ये हे तंबाखूच्या जातीच्या झाडाच्या पानांवर दाखवलं गेलं: यंत्रणा शाबूत असलेला स्युडोमोनास सोबत असताना रोग कमी पडला. म्हणजे जैविक नियंत्रणामागचा विचार पोकळ नाही.

पण समोरचाही मोकळ्या हातानं बसलेला नाही. खैऱ्याचा झँथोमोनास सिट्री टाइप फोर या आणखी एका यंत्रणेनं शेजारच्या इतर जिवाणूंना मारतो, हे ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं. त्याच जिवाणूची टाइप सिक्स यंत्रणा त्याला गिळायला आलेल्या अमीबापासून वाचवते. तेल्या याच भावकीतला. एकदा त्यानं पानावर आणि पेऱ्यात जम बसवला की वरून सोडलेल्या मूठभर पाहुण्या जिवाणूंनी त्याला हुसकावणं अवघड.

यावरून जैविकाचं वेळापत्रक ठरतं. ते डाग दिसल्यावर मारायचं औषध नाही. बहारासाठी झाडाची पानं मुद्दाम गाळली, म्हणजे पानगळ केली, की नवीन फूट येते, तेव्हा पान कोरं असतं. त्या वेळी चांगला जिवाणू आधी बसला तर त्याला फायदा. अंगाला अंग लागल्याशिवाय हल्ला होत नसेल, तर वरवर मारलेल्या फवाऱ्यानं काय साधणार? पानाच्या दोन्ही बाजू, पेरं, कळीचा देठ, सगळीकडं द्रावण पोचलं पाहिजे. फवारणी संध्याकाळी करा, कडक उन्हात हे जिवाणू मरतात. आणि कॉपर किंवा स्ट्रेप्टोसायक्लिनच्या टाकीत जैविक कधीही मिसळू नका. दुकानदार "सगळं एकत्र चालतं" म्हणत असला तरी नको. आपलाच जिवाणू टाकीत मरतो. दोन्हींमधे काही दिवसांचं अंतर ठेवा. शिवाय सगळ्या स्युडोमोनासमध्ये ही यंत्रणा सारखी नसते, त्यामुळं एका कंपनीच्या पुड्यानं गुण आला म्हणजे दुसऱ्याच्या येईलच असं नाही. पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि जिवाणूंची संख्या बघून घ्या. उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊच नका.

पावसाळा संपल्यावर तो कुठं असतो

वर्षावर्षाला परत येण्याचं मूळ इथं आहे. तेल्या उन्हाळ्यात नाहीसा होत नाही. पेऱ्यांवरच्या चिरांत तो राहतो, गळलेल्या पानांत आणि फळांच्या सालीत काही महिने तग धरतो, आणि नवीन बागेत तो बहुतेक वेळा गुटी कलमाबरोबरच, म्हणजे जुन्या झाडाच्या फांदीला मुळं फोडून केलेल्या रोपाबरोबरच येतो. मातृवृक्ष रोगट असेल तर रोप वरून कितीही तरतरीत दिसो, दोन पावसाळ्यांत त्याचा हिशेब मिळतो. रोपं घेताना मातृबाग डोळ्यांनी बघायची, तीही पावसाळ्यात. नर्सरीवाला बाग दाखवायला तयार नसेल तर तिथून उठावं.

जुन्या बागेला तोडणीनंतर तीनेक महिने विश्रांती द्या. छाटणीत पेऱ्यावरची एकही काळी चीर मागं ठेवू नका. इथं हात आखडणाऱ्यांच्या बागेत तेल्या हटत नाही, असं माझं निरीक्षण आहे. खालचा पालापाचोळा झाडून जाळा. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, सोलापूर, झाडाखालच्या जमिनीवर ब्लीचिंग पावडरच्या वापराची शिफारस करतं, त्याचं प्रमाण त्यांच्याकडूनच घ्या. आणि छाटणी झाली की लगेच, त्याच दिवशी जमलं तर उत्तम, १ टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, फवारा.

बोर्डो घरी करताना बऱ्याच ठिकाणी घाई होते, म्हणून नीट सांगतो. १०० लिटरला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो चांगला कळीचा चुना. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात रात्रभर भिजवा, लोखंडी किंवा जस्ताच्या भांड्यात नाही. चुना वेगळा विरवून फडक्यानं गाळून घ्या. मग दोन्ही द्रावणं तिसऱ्या ड्रममध्ये एकाच वेळी, ढवळत ढवळत ओता. रंग आकाशी निळा यायला हवा. आता घासून चकचकीत केलेलं खुरपं त्यात मिनिटभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय. चुन्याची निवळी थोडी थोडी टाका आणि थर चढायचा थांबेपर्यंत पुन्हा बघा. तयार झालेलं त्याच दिवशी संपवा, शिळं बोर्डो चिकटत नाही. हे प्रमाण छाटलेल्या, पानं नसलेल्या झाडासाठी आहे. पानं-कळ्या असताना ते कमी करावं लागतं.

जखमांचा विषय राहिला. डाळिंबाला काटे असतात, वाऱ्यात फांद्या एकमेकींवर घासतात आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे जिवाणूला उघडं दार. म्हणून झाडं विरळ ठेवा, खालचे फुटवे काढा, फळं काट्याशी घासणार नाहीत अशी बांधणी करा. पाणी ठिबकनंच द्या.

बहार बदलायचा का?

हो, जमत असेल तर. वरचं सगळं केलं तरी मृग बहारात कोवळं फळ आणि ढगाळ हवा एकाच वेळी येतात, आणि तेल्याला नेमकं तेच हवं असतं. हस्त बहारात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात बाग फुलवली तर, फळ हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला, कोरड्या हवेत पोसतं. आपल्याकडं अडचण ही, की माणदेशात पाऊस बराचसा परतीचाच. सप्टेंबरात ताण बसायला (पाणी तोडून झाडाला विसावा द्यायला) आणि पाऊस कोसळायला एक गाठ पडते. त्यामुळं बरेच जण पानगळ ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लांबवतात. पूर्वी पुढं उन्हाळ्यात पाणी पुरत नव्हतं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी जिथं पोचलंय तिथं हा मार्ग आता खुला झाला आहे. टँकरवर बाग जगवणाऱ्याला मात्र मी हा सल्ला देणार नाही. त्यानं झाडांची संख्या कमी करून, उरलेल्या झाडांना उन्हाळाभर पाणी पुरणार असेल तरच, आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला) धरावा आणि पावसाळ्याच्या आत जास्तीत जास्त माल उतरवायचं बघावं.

बहार बदलणार असाल तर बांधाशेजारच्या तात्यांशी, अण्णांशी आधी बोला. वाऱ्यासोबतच्या पावसात जिवाणू थेंबांबरोबर उडतो, त्याला सातबारा कळत नाही. तुमची बाग ऑक्टोबरात कोवळी फुटणार आणि शेजारी मृगाची रोगट फळं अजून झाडावर, अशी वेळ येऊ द्यायची नाही. दोन्ही बागांची छाटणी एकाच आठवड्यात बसवा, आणि त्याच आठवड्यात दोन्हीकडचा पाला जाळून घ्या.